ओली ओंबी, वाळली ओंबी : गव्हाच्या उगवणीच्या प्रकल्प नोंदी

१५ नोव्हेंबर

कळमेश्वरजवळच्या आमच्या शेतात प्रकल्पासाठी चार गुंठे गहू आज पेरला. वाण लोक-१ घेतला. गुजरातेतील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निघालेला हा वाण विदर्भात इतका रुळला आहे की त्याच्या टपोऱ्या, पिवळसर दाण्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. तो लवकर तयार होतो, त्यामुळे एम.एस्सी.च्या एका सत्रात काम बसू शकते.

प्रश्न मूळचा काकांचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे अवकाळी पाऊस आणि गारपीट यांची धास्ती असते. आकाश भरून आले की उभा गहू आठ-दहा दिवस आधी कापून घ्यावा, असे प्रत्येकाच्या मनात येते. खाण्यासाठी कापला तर फार तर वजनात तोटा होतो, पण बियाण्यासाठी राखलेला गहू आधी कापला तर तो पुढच्या हंगामात उगवेल का, हे काकांना खात्रीने कोणी सांगितले नव्हते. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमपुढे हा प्रश्न ठेवला तेव्हा त्यांनी त्याचे दोन तुकडे केले. दाण्याचे वय वाढल्यामुळे तो उगवण्याजोगा होतो, की वाळल्यामुळे? शेतात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्याने त्या वेगळ्या दिसत नाहीत. माझे काम त्या वेगळ्या करण्याचे आहे.

१६ डिसेंबर

पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या तुकड्यात काकांनी काल उशिराचा गहू पेरला. वाण तोच, लोक-१. तो माझ्या प्रकल्पाचा भाग नाही, पण बांधाला लागूनच असल्याने नोंद करून ठेवते.

२० जानेवारी

मधल्या काळात सांगण्यासारखे काही घडले नाही. पाण्याच्या पाळ्या वेळेवर झाल्या आणि तांबेराही आला नाही.

आज फुलोरा धरला. गव्हाच्या ओंबीत फुले मधल्या भागात आधी उमलतात आणि मग वर व खाली सरकत जातात, त्यामुळे एकाच ओंबीतील दाण्यांच्या वयात तीन-चार दिवसांचा फरक सहज पडतो. वय हाच माझ्या कामाचा एक काटा असल्याने तो फरक परवडणारा नाही. म्हणून ज्या ओंब्यांच्या मध्यावर पहिले पिवळे परागकोश तुसांबाहेर लोंबताना दिसले, फक्त त्यांनाच लाल लोकरीचा धागा बांधला. सकाळी साडेसहापासून मी आणि चुलत भाऊ मिळून साडेदहापर्यंत ४२० ओंब्या झाल्या. प्रत्येक ओंबीच्या मधल्या आठ कणिसकांतील (ओंबीतल्या दाण्यांच्या लहान गुच्छांतील) खालचे दोन-दोन दाणेच प्रयोगासाठी घ्यायचे, बाकीचे सोडून द्यायचे, असे ठरवले आहे. म्हणजे एका ओंबीतून सोळाच दाणे मिळतील. भावाला हा शुद्ध उधळेपणा वाटतो.

पिकाच्या अवस्था लिहिताना झाडोक्स, चँग आणि कोन्झाक यांनी १९७४ मध्ये मांडलेले दशमान वापरणार आहे. त्यात ६५ म्हणजे अर्धा फुलोरा, ७५ म्हणजे दाणा भर चिकात, ८५ म्हणजे मऊ कणकेसारखा आणि ९२ म्हणजे नखाने खूण उमटत नाही इतका टणक. हे आकडे न शिकताही काका दाणा दाताखाली धरून तेच सांगतात.

३० जानेवारी (फुलोऱ्यानंतर १० दिवस)

पहिली तोडणी झाली. दाणा हिरवा असून दाबला की पाणीच येते. ओलावा ७८ टक्के आहे. ताजे दाणे उगवणीला लावले आणि काही वाळत ठेवले, पण भ्रूण भिंगाखाली जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो, तेव्हा यातून फारसे निघेल असे वाटत नाही.

४ फेब्रुवारी (१५ दिवस)

आजपासून कामाची घडी नीट बसली, म्हणून पद्धत एकदा सविस्तर लिहून ठेवते. प्रत्येक तोडणीचे चार गट असतील. पहिल्या गटातील दाणे ओंबीतून काढून त्याच दिवशी उगवणीला लावायचे, हा ‘ताजा’ गट. दुसऱ्या गटात देठासकट तोडलेल्या ओंब्या सात दिवस सावलीत टांगून ठेवायच्या आणि दाणे तुसातच वाळू द्यायचे, हा ‘सावकाश वाळवलेला’ गट. तिसऱ्यात दाणे सोलून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलवर दोन दिवस ठेवायचे, म्हणजे तो ‘झटपट वाळवलेला’ गट होईल. चौथा गट मॅडमच्या आग्रहामुळे आला. त्यात ओंब्या तोडून भिजलेल्या टिपकागदासह बंद डब्यात सात दिवस ठेवायच्या, म्हणजे त्या झाडापासून तुटतील, वयही तेवढेच वाढेल, पण वाळणार मात्र नाहीत. हा गट नसेल तर वाळवलेला दाणा उगवला तरी तो वाळल्यामुळे उगवला, की आईपासून तुटल्यामुळे, हे सांगता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ते मला त्या वेळी जरा अतिदक्षतेचे वाटले होते.

उगवणीसाठी पहिल्या तीन गटांचे दोनशे दाणे, पन्नासाच्या चार भागांत, आणि चौथ्या गटाचे शंभर. तापमान २० अंश सेल्सिअस, पहिली मोजणी चौथ्या दिवशी, शेवटची आठव्या दिवशी. बीजपरीक्षणात गव्हासाठी हीच रीत आहे. ओलाव्यासाठी दाणे उभे चिरून १०३ अंशांवर १७ तास ओव्हनमध्ये ठेवते.

आजचा दाणा चिकात आहे. नखाने दाबला की पांढरे, दाट दूध निघते आणि बोटांवर वाळले की त्याचा पापुद्रा धरतो. ओलावा ६५ टक्के.

९ फेब्रुवारी (२० दिवस)

आज दुपारभर भिंगासमोर होते. दाण्याची पोटाकडची खाच खाली करून तो चिकटपट्टीवर बसवला, टोकदार सुईने भ्रूणावरची हिरवट फलभित्ती, म्हणजे दाण्याची बाहेरची साल, बाजूला केली आणि भ्रूण अलगद उचलला. तो दोन मिलिमीटरच्या आतबाहेर भरतो. ढालीसारखे वरुथक, त्यावर टेकलेला कोंब आणि खालच्या बाजूला मूलांकुराचे टोक, सगळे जागच्या जागी. दिसायला तो पक्व दाण्यातील भ्रूणाहून फारसा वेगळा नाही, फक्त काचेसारखा अर्धपारदर्शक आहे. असे तीस भ्रूण काढून साखर घातलेल्या पातळ अगारवर (जेलीसारख्या माध्यमावर) ठेवले आणि याच ओंब्यांतील दोनशे अख्खे ताजे दाणे नेहमीप्रमाणे टिपकागदावर लावले.

१२ फेब्रुवारी

भ्रूणांनी चकित केले. तिसऱ्याच दिवशी तीसपैकी सव्वीस भ्रूणांना मुळे फुटली आहेत आणि काहींचे कोंब अगारवर आडवे वाढत आहेत. तिकडे अख्ख्या दाण्यांमध्ये काहीही हालचाल नाही. याचा अर्थ वीस दिवसांच्या भ्रूणात उगवण्याचे सामर्थ्य पुरेपूर आहे, त्याला दाण्याच्या आत थोपवून धरले आहे.

पंधरा दिवसांच्या ताज्या दोनशे दाण्यांपैकी आज आठव्या दिवशी एकही उगवला नाही.

१८ फेब्रुवारी

वीस दिवसांच्या ताज्या दाण्यांची मोजणी काल झाली. दोनशेपैकी २ उगवले.

आज एक गोंधळ उघड झाला. पंचवीस दिवसांचे ताजे दाणे १४ तारखेला लावले होते. आज उगवणीच्या पेटीतला तापमापक पाहिला तर २९ अंश. तापमान स्थिर ठेवणारा थर्मोस्टॅट बिघडला होता आणि नेमके किती दिवस बिघडलेला होता ते कळायला मार्ग नाही, कारण मधल्या चार दिवसांत मी फक्त पेटीच्या दारावरचा आकडा पाहत होते, आतला तापमापक नव्हे. चूक माझीच आहे. ती संपूर्ण तुकडी रद्द केली. पंचवीस दिवसांच्या ताज्या दाण्यांचा रकाना तक्त्यात रिकामाच राहील, कारण त्या वयाची ओंबी आता शेतात मिळणार नाही. वाळवलेले गट सुदैवाने दुसऱ्या पेटीत होते.

मॅडम रागावल्या नाहीत. उद्याच्या तोडणीचे ताजे दाणे मुद्दाम तीन तापमानांना लावून पाहा, एवढेच म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी (३० दिवस)

दाणा आता कणकेसारखा झाला आहे आणि नखाची खूण राहते. ओलावा ४२ टक्के. ताज्या दाण्यांपैकी दोनशे २० अंशांना, शंभर ३० अंशांना आणि शंभर १० अंशांना लावले.

पंधरा दिवसांच्या सावकाश वाळवलेल्या दाण्यांचा निकाल आज आला. दोनशेपैकी ११. झटपट वाळवलेल्यांपैकी शून्य. दहा दिवसांचे वाळवलेले दाणे तर नुसती सुरकुतलेली सालपटे झाली होती. भिजवल्यावर ते फुगले आणि कुजले.

२४ फेब्रुवारी

प्रकल्पाचा खरा दिवस आज उगवला. वीस दिवसांचे जे दाणे ताजे असताना दोनशेपैकी दोनच उगवले होते, त्याच ओंब्यांमधले, सात दिवस सावलीत वाळवून मग भिजवलेले दाणे दोनशेपैकी ११८ उगवले. ओलाच ठेवलेल्या गटात शंभरपैकी १३ उगवले आणि जवळपास तेवढ्यांनाच बुरशी लागली.

पेटीचे दार उघडले तेव्हाचे दृश्य लिहून ठेवावेसे वाटते. वाळवलेले दाणे मुळात कुरूप होते. बारीक, सुरकुत्या पडलेले, अंगावर अजून हिरवट झाक. भिजून ते पुन्हा तट्ट फुगले होते आणि टोकाशी साल फाडून आधी मूलांकुराच्या आवरणाचा पांढरा टिंब, त्यातून मधले मूळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक मुळे निघाली होती. मुळांवर मखमलीसारखी केसांची लव होती. शेजारच्या ताज्या दाण्यांच्या जुन्या टिपकागदावर मात्र दाणे ठेवले तसे गुळगुळीत पडून होते.

यामागचे कारण थोडे खोलात लिहिते. भरत असलेल्या दाण्यात अॅबसिसिक आम्ल हे उगवण रोखणारे संप्रेरक मुबलक असते आणि भ्रूण त्याला फार संवेदनशील असतो. त्या काळात दाण्याचा सारा कारभार साठवणीचा असतो. पिष्ट आणि प्रथिने भरायची, उगवायचे नाही. भ्रूण बाहेर काढला की तो या अंकुशातून सुटतो, म्हणून तो अगारवर लगेच वाढला. दाणा वाळतो तेव्हा आम्लाचे प्रमाण उतरते, त्याला असलेली भ्रूणाची संवेदनशीलताही कमी होते, आणि पुन्हा पाणी मिळाल्यावर पेशी साठवणीच्या कामाकडे न वळता उगवणीच्या कामाला लागतात. दाण्याच्या बाहेरच्या बाजूचा जिवंत अॅल्यूरोन थरही वाळल्यानंतरच जिबरेलिन या उगवणीला चालना देणाऱ्या संप्रेरकाला नीट प्रतिसाद देऊ लागतो आणि पिष्टाचे विघटन करणारे अल्फा-अमायलेज हे विकर तयार करतो. घेवडा आणि एरंडी यांच्या कच्च्या बियांतही वाळवण्याचा असाच परिणाम दिसतो, तेव्हा हे एकट्या गव्हाचे वैशिष्ट्य नव्हे.

चौथ्या गटाबद्दल मॅडमचे म्हणणे बरोबर ठरले. तेरा टक्के म्हणजे शून्य नव्हे. झाडापासून तुटणे आणि आठवडाभर वय वाढणे यांचाही काही वाटा आहे आणि बुरशीने आणखी किती दाणे खाल्ले ते सांगता येत नाही. तरीही १३ आणि ५९ टक्के यांतला फरक वाळण्याचाच म्हणावा लागेल.

झटपट वाळवलेल्यांत मात्र दोनशेपैकी २१च उगवले. पाणी तेच गेले, पण दोन दिवसांत गेले. कोरडेपणा सोसण्याची तयारी दाण्याला वाळता वाळता करावी लागते. पेशींचे पडदे आणि प्रथिने सांभाळणाऱ्या शर्करा आणि काही खास संरक्षक प्रथिने त्या अवधीतच जमतात. कोवळ्या दाण्याला तो अवधी मिळाला नाही तर तो सुकतो आणि मरतो. नागपूरच्या फेब्रुवारीत दुपारची हवा इतकी कोरडी असते की स्लॅबवर उन्हात पसरलेला सोललेला कच्चा दाणा जवळजवळ माझ्या सिलिका जेलसारखाच सुकेल. तुसातला दाणा मात्र त्याच हवेत सावकाश वाळतो.

काकांना फोनवर आकडे सांगितले. ते म्हणाले, “कच्चं बी वाळवून उगवत असते का बाप्पा?” त्यांना ओंब्यांचा फोटो पाठवला.

१ मार्च (४० दिवस)

शेवटची तोडणी झाली. शेत सोनेरी झाले आहे, देठाचा शेवटचा हिरवेपणाही गेला. काकांनी हार्वेस्टर बोलावला आहे. माझ्यासाठी धाग्याच्या ओंब्यांसकट बांधालगतची दोन मीटर रुंद पट्टी उभी ठेवायला त्यांनी कबुली दिली.

वजनांच्या आकड्यांनी माझी एक समजूत मोडली. ओलाव्याची टक्केवारी १५व्या दिवशी ६५, २०व्या दिवशी ५५, २५व्या दिवशी ४७, ३०व्या दिवशी ४२ अशी उतरत गेल्याने दाणा पहिल्यापासून हळूहळू वाळत येतो असे मी धरून चालले होते. पण एका दाण्यातील पाणी मिलिग्रॅममध्ये मांडले तर १५व्या दिवशी २६, २०व्या दिवशी २७.५, २५व्या दिवशी २७ आणि ३०व्या दिवशी २६ येते. म्हणजे या पंधरा दिवसांत पाणी जवळजवळ हललेच नाही. वाढले ते कोरडे वजन, १४ मिलिग्रॅमवरून ३६वर. टक्केवारी खाली आली ती पाणी गेल्यामुळे नव्हे, तर त्याच पाण्यात पिष्टाची भर पडत गेल्यामुळे. खरे वाळणे त्यानंतरचे आहे. ३५व्या दिवशी दाण्यात २० मिलिग्रॅम पाणी होते आणि ४०व्या दिवशी फक्त ७. कोरडे वजन मात्र ३५ आणि ४० दिवसांना सारखेच, ३९ मिलिग्रॅम. भरणे थांबण्याचा, म्हणजे शारीरिक पक्वतेचा क्षण ३० आणि ३५ दिवसांच्या मध्ये कोठेतरी येऊन गेला. त्या सुमारास तुसांचा हिरवा रंग गेला आणि दाण्याच्या खाचेतील रंगरेषा काळपट झाली, असे माझ्या वहीत आहे.

यावरून ताजा दाणा शेतात इतके दिवस का उगवत नाही, हेही समजते. टक्केवारी काहीही सांगो, त्या दाण्याला तोपर्यंत पाण्याचा तुटवडा असा कधी जाणवलेलाच नसतो.

३ मार्च

तीस दिवसांच्या ताज्या दाण्यांची तीन तापमाने पूर्ण झाली. २० अंशांना दोनशेपैकी १७, ३० अंशांना शंभरपैकी शून्य आणि १० अंशांना, उशिरा का होईना, शंभरपैकी ६१. गारव्यात अंकुश सैल होतो आणि उकाड्यात घट्ट होतो. गव्हाच्या नव्या बियाण्याला परीक्षणापूर्वी थंडाव्यात ठेवतात ते यासाठीच. बिघडलेल्या थर्मोस्टॅटचे हे एवढे देणे.

तीन कुंड्यांत शेतातील काळी माती भरून, २० दिवसांचे वाळवलेले, ३० दिवसांचे वाळवलेले आणि ४० दिवसांचे असे पन्नास-पन्नास दाणे पाच सेंटिमीटर खोल पेरले. कुंड्या सावलीत ठेवल्या आहेत. टिपकागदावर उगवणे आणि मातीतून वर येणे ही दोन वेगळी कामे आहेत.

६ मार्च

तीस दिवसांचे आकडे आले. सावकाश वाळवलेले दोनशेपैकी १८४, झटपट वाळवलेले १७१, ओलेच ठेवलेले शंभरपैकी ४१. पंचवीस दिवसांचे याआधीच आले होते, सावकाश वाळवलेले १६८ आणि झटपट वाळवलेले ९६. वय वाढेल तसा सावकाश आणि झटपट यांतला फरक मिटत जातो.

प्रमाणित बियाण्यासाठी गव्हाची किमान उगवण ८५ टक्के लागते. आमच्या पंचवीस दिवसांच्या वाळवलेल्या दाण्यांची ८४ भरली. एका टक्क्याने नापास झालेल्या त्या कच्च्या दाण्यांचे मला उगीचच कौतुक वाटले.

९ मार्च

परवा रात्रीपासून पाऊस आहे. गारा कळमेश्वरला पडल्या नाहीत, पण सर थांबत नाही आणि हवा एकदम गार झाली. काकांचा मुख्य गहू घरात आला आहे. उभी आहे ती माझी दोन मीटरची पट्टी आणि बांधापलीकडचा उशिराचा गहू. त्याचा फुलोरा १५ फेब्रुवारीला झाला होता, म्हणजे आज तो २२ दिवसांचा आहे.

काटोल नाक्यावरून एसटी पकडून पावसातच शेतावर आले. चपलेला चिखलाचे गोळे लागत होते. उशिराच्या गव्हातून ऐंशी हिरव्या ओंब्या तोडल्या. निम्म्या घरी ओसरीत टांगल्या, निम्म्या प्रयोगशाळेत नेऊन ओल्या कपड्यात गुंडाळल्या.

चाळीस दिवसांच्या ताज्या दाण्यांची मोजणी आज झाली. ते झाडावर स्वतःच वाळलेले असल्याने ‘ताजा’ हा शब्द त्यांना नावापुरताच लागू आहे. दोनशेपैकी १८६.

१२ मार्च

पाऊस काल सकाळी थांबला. पट्टीतली पिकलेली ओंबी हातात घेतली आणि कुसळांच्या बुडाशी, तुसांच्या फटीतून पांढऱ्या मुळांची टोके बाहेर आलेली दिसली. काही ओंब्यांवर हिरवे कोंब अर्धा सेंटिमीटर वर आले होते. पन्नास ओंब्या मोजल्या, चौतीसांत निदान एक तरी दाणा फुटला होता. फूटभर रुंदीच्या बांधापलीकडे, त्याच पावसात, तेवढाच वेळ भिजलेल्या, त्याच वाणाच्या हिरव्या ओंब्या पन्नास तपासल्या. एकही फुटलेली नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा अनुभव जुनाच आहे. कापणीला आलेला गहू पावसात सापडला की कोंब फुटतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लाल दाण्याच्या गव्हांत सुप्तावस्था दीर्घ असते म्हणून ते सहसा लवकर फुटत नाहीत. आपल्याकडच्या पिवळसर, पांढऱ्या दाण्यांत ती फारच थोडी असते. हिरव्या ओंबीला धोका नाही, हे मात्र मी काकांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. आज बांधावर उभे राहून त्यांनीच दोन्ही ओंब्या शेजारी शेजारी धरल्या आणि बराच वेळ पाहिल्या.

काकूंनी फुटलेल्या ओंब्यांचा गहू कुरडईसाठी भिजत घालायला साफ नकार दिला. त्याचा चीक पातळ होतो, असे त्यांचे म्हणणे. अमायलेजने पिष्टाचे तुकडे केल्यावर चीक घट्ट धरेल कसा, तेव्हा त्या बरोबरच असाव्यात. भरणाऱ्या दाण्याचे दूध आणि कुरडईचे सत्त्व या दोहोंना आपण चीकच म्हणतो, हे मला एवढे दिवस लक्षात आले नव्हते.

१५ मार्च

कुंड्यांची मोजणी झाली. पन्नासपैकी ४० दिवसांचे ४५, ३० दिवसांचे वाळवलेले ४२ आणि २० दिवसांचे वाळवलेले १४. टिपकागदावर ५९ टक्के उगवलेला दाणा पाच सेंटिमीटर मातीखालून २८ टक्केच वर आला. २० दिवसांच्या दाण्यांच्या कुंडीची माती उकरून पाहिली. बरेच कोंब तीन-साडेतीन सेंटिमीटरवर येऊन वाकडे होऊन थांबले होते आणि खालचा दाणा पार रिकामा, नुसती साल. बावीस मिलिग्रॅमची शिदोरी तेवढ्याच वाटेला पुरली. वाळवण्याने उगवण्याची परवानगी मिळते, पिष्ट मिळत नाही.

जे आले त्यांच्यातही २० दिवसांच्या रोपांचे पहिले पान अरुंद आणि फिकट आहे. ३० आणि ४० दिवसांची रोपे मिसळून ठेवली तर मला वेगळी काढता येणार नाहीत.

१७ मार्च

ओसरीतल्या ओंब्या आठ दिवसांत कडकडीत वाळल्या. ओलावा ११ टक्के. त्यांतल्या तीस ओंब्या अख्ख्याच पाण्यात बुडवून, ओल्या कपड्यात गुंडाळून प्रयोगशाळेत २० अंशांना ठेवल्या. त्यांच्याच शेजारी ९ तारखेपासून ओल्या असलेल्या हिरव्या ओंब्यांची गुंडाळी आहे. तिला आता कुबट वास येऊ लागला आहे.

काकांनी बियाण्याचे विचारले. पुढच्या वर्षी पावसाचे सावट आले तर फुलोऱ्यानंतर तीस दिवस झाले आहेत का ते पाहावे, झाले असतील तर देठासकट कापून पेंढ्या सावलीत, वारा लागेल अशा उभ्या कराव्यात, आठवडाभर तुसातच वाळू द्याव्यात आणि मगच मळणी करावी, असे त्यांना सांगितले. ओल्या गव्हाचा ढीग घालू नये आणि सोललेला ओला दाणा स्लॅबवर उन्हात टाकू नये, हेही सांगितले. “मंग फुलोऱ्याची तारीख लिहून ठेवा लागन,” असे म्हणून त्यांनी घरातल्या दिनदर्शिकेवर उशिराच्या गव्हाची १५ फेब्रुवारी पेनाने गोल केली.

२२ मार्च

दोन्ही गुंडाळ्या आज उघडल्या. आधी वाळवून मग भिजवलेल्या तीस हिरव्या ओंब्यांपैकी एकोणीस ओंब्यांत दाणे फुटले आहेत, पाच-सहा ओंब्यांत तर मुळे एकमेकांत गुंतली आहेत. कधीच न वाळलेल्या चाळीसपैकी एका ओंबीत एकच दाणा फुटलेला सापडला, बाकी करडी बुरशी. त्या एका दाण्याची फलभित्ती भिंगाखाली पाहिली, भ्रूणाच्या अगदी वर ती चिरलेली होती. किडीने चिरली की तोडताना माझे नख लागले, ते ठरवता आले नाही. तक्त्यात तो दाणा मोजला आहे आणि शेराही लिहिला आहे.